धारोष्ण

गेल्या शनिवारी गावी गेलो होतो. पहाटे पाचला जाग आली ती सवयीने नव्हे, गोठ्यातल्या मिल्किंग मशीनच्या आवाजाने. पडल्या पडल्या एक जुनी गोष्ट आठवली.

लहानपणी आमच्याकडे धारोष्ण दुधाचं फार प्रस्थ होतं. अण्णा धार काढायला बसले की मी आणि दादा पेले घेऊन शेजारी उभे. पेल्यात थेट धार, वर फेसाची टोपी, पिऊन झाल्यावर ओठांवर पांढरी मिशी. ‘तापवलं की दुधातलं सत्त्व जातं,’ असं आजोबा सांगायचे, आणि तालमीत जाणारा अख्खा गाव तेच सांगायचा. पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर मी हे सगळं ऑफिसात कौतुकाने ऐकवायचो. पिशवीतलं दूध पिणाऱ्यांना काय कळणार, वगैरे वगैरे :-)

आता ते पेले गोठ्यात जात नाहीत. का, त्याचीच ही गोष्ट. थोडी लांबेल, चहा घेऊन बसा.

आमचं गाव राहुरी तालुक्यात. २०२४ पासून जिल्ह्याचं सरकारी नाव अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात अजून नगरच बसलेलं आहे. मुळा धरणाचं पाणी, त्यावर ऊस, आणि उसाच्या जोडीला प्रत्येक दारात संकरित गाई. ऊस पैसे देतो वर्ष-दीड वर्षाने, दूध देतं दहा दिवसांनी. त्यामुळे किराणा, औषधं, पोरांच्या फिया, सगळं दुधावर. माझी इंजिनियरिंगची फीसुद्धा फॅट आणि एसएनएफच्या आकड्यांवरच भरली गेली. सांगायचा मुद्दा असा की गाय हे आमच्याकडे नुसतं जनावर नाही, पगारपत्रक आहे.

२०२३ ची दिवाळी. वसुबारसेच्या आदल्या रात्री आमची बांडी गाय गाभडली. सातवा महिना होता. मेलेलं वासरू पडलं, पण जार काही पडेना. अण्णांनी नेहमीप्रमाणे बाह्या वर केल्या, हाताला तेल लावलं आणि स्वतःच जार ओढून काढला. चाळीस वर्षं हेच करत आलेत. सकाळी मला फोन केला तेव्हा आवाज पडलेला होता. मी म्हटलं, “अरेरे, किती नुकसान झालं!” आणि मग आम्ही फराळाचं बोलायला लागलो.

हा फोन लक्षात ठेवा. मी नाही ठेवला.

डिसेंबरच्या सुरुवातीला अण्णांना ताप सुरू झाला. सकाळी एकदम ठणठणीत, संध्याकाळी अंग तापायचं, रात्री इतका घाम की आई दोनदा बंडी बदलायची. चार दिवस यायचा, आठ दिवस गायब, परत हजर. आधी टायफॉईड म्हणून औषध झालं. मग एका दवाखान्यात एक्स-रेवर काहीतरी डाग दिसला आणि टीबीचं औषध सुरू झालं. त्याने बरं वाटायला लागलं! आम्ही म्हटलं, सुटलो. दोन महिन्यांनी मळमळ सहन होईना म्हणून अण्णांनी परस्पर गोळ्या सोडल्या (टीबीच्या औषधात असं चुकूनही करू नका), आणि पंधरा दिवसांत ताप परत. आता सोबत कंबर. खाटेवरून उठायला माणूस लागायचा. दर दोन तासांनी गोठ्यात चक्कर मारणारा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागला. कुणीतरी म्हणालं, वय झालं, गाईचं मनाला लावून घेतलंय. मलाही ते थोडं पटलं, हे कबूल करायला लाज वाटते. मी दर आठवड्याला फोनवर एकच वाक्य म्हणायचो, “रिपोर्टचे फोटो पाठवा.” फोटो यायचे, मी ते झूम करून बघायचो, आणि आपण काहीतरी केलं असं मला वाटायचं.

गुंता सुटला तो एप्रिलमध्ये, आणि सोडवला तो गुरांच्या डॉक्टरांनी. वासरांना लस द्यायला ते गोठ्यावर आले होते. वयाने माझ्याहून लहान. अण्णा ओसरीवर घोंगडी पांघरून बसलेले दिसले, तसे थांबले.

“काय अण्णा, किती दिवस ताप?”

“झाले चार महिने.”

“मागे एखादं जनावर गाभडलं होतं का?”

“दिवाळीत. बांडी.”

“जार कुणी काढला?”

“मीच की.”

“हातमोजे?”

अण्णा हसले म्हणे. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी कागदावर एक शब्द लिहून दिला आणि म्हणाले, ही तपासणी करून घ्या. तो शब्द होता ब्रुसेला.

तपासणी पुण्यात झाली, रिपोर्ट चांगलाच पॉझिटिव्ह आला. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी पैसे कशाचे घेतो? बग शोधण्याचे. सिस्टिम बिघडली की मी ज्युनियर पोरांना पहिला प्रश्न विचारतो, “बिघडायच्या आधी काय बदललं होतं?” लॉग माझ्याकडे होता. दिवाळीच्या सकाळचा तो फोन! तीन-चार आठवड्यांनी ताप सुरू झाला, म्हणजे तारखासुद्धा जुळत होत्या. पण माणसाचे डॉक्टर गाईबद्दल विचारत नाहीत, आणि मुलगा गाईचं ऐकतो ते नुकसान म्हणून.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे वाचत सुटलो. आणि खरं सांगतो, ज्या जंतूने बापाला पाच महिने आडवं केलं त्याच्याबद्दल वाचताना राग यायला हवा होता, पण मी थक्क होत गेलो.

बहुतेक रोगजंतू आरडाओरडा करत येतात. कॉलऱ्याचा जंतू विष सोडतो, घटसर्पाचा जंतू विष सोडतो. ब्रुसेलाकडे असं विष नाही. त्याचा सगळा जीनोम म्हणजे दोन गुणसूत्रं आणि मिळून साधारण ३३ लाख अक्षरं. २००२ मध्ये त्याच्या एका जातीचा पूर्ण क्रम वाचला गेला तेव्हा त्यात सुमारे ३२०० जीन्स सापडली. मोबाइलमधल्या एखाद्या फोटोएवढा डेटा. आणि त्यात नेहमीची हत्यारं जवळपास नाहीतच! मग हा करतो काय? लपतो.

आपल्या शरीराची पहारेकरी यंत्रणा जंतूच्या बाहेरच्या आवरणावरून त्याला ओळखते. त्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो, तो दिसला की पेशी लगेच बोंब मारते आणि फौज धावते. ब्रुसेलाने आपल्या आवरणातल्या चरबीच्या साखळ्या इतक्या लांब करून ठेवल्यात की आपल्या पहारेकऱ्याच्या कुलपात ती किल्ली नीट बसत नाही. अलार्म वाजतो, पण इतका हळू की कुणी उठत नाही.

आता पुढची पायरी. मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या आपल्या पेशी, ब्रुसेलाला गिळतात. गिळल्यावर तो एका फुग्यात बंद होतो. फुग्यात आम्ल भरलं जातं आणि मग तो फुगा लायसोसोमला, म्हणजे पेशीच्या कत्तलखान्याला जोडला जातो. सगळं ठरल्याप्रमाणे. पहिल्या काही तासांत बहुतेक ब्रुसेला मरतातही. पण उरलेल्यांसाठी ते आम्ल म्हणजे सिग्नल असतो. आम्ल जाणवलं की ‘व्हिर-बी’ नावाची १२ जीन्सची रांग चालू होते आणि जंतू एक यंत्र बांधतो. त्याला टाइप फोर सिक्रिशन सिस्टिम म्हणतात. समजायला सोपं म्हणून सुई समजा. त्या सुईतून तो स्वतःची प्रथिनं फुग्याबाहेर, थेट पेशीच्या कारभारात सोडतो. ही प्रथिनं पेशीच्या आतल्या वाहतुकीला चुकीचा पत्ता देतात. फुगा कत्तलखान्याऐवजी एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमकडे वळतो. हा पेशीचा प्रथिनं बनवायचा कारखाना. तिथल्याच पडद्यांत गुंडाळून जंतू आरामात एकाचे दोन, दोनाचे चार होत राहतो. पेशीला मारत नाही. मारली तर राहायचं कुठे?

मला सगळ्यात जास्त चटका कशाचा बसला सांगू? प्रयोगशाळेत पेशीचं ते आम्ल सुरुवातीलाच बंद केलं तर ब्रुसेलाला आत जम बसवता येत नाही. म्हणजे आपण मारायला जे वापरतो, त्याच्याशिवाय त्याला कळतच नाही की आपण पोचलो.

औषधाचं कोडंही इथे सुटलं. टीबीच्या गोळ्यांत रिफॅम्पिसिन असतं, ते ब्रुसेलावरही चालतं. म्हणून अण्णांना मध्ये बरं वाटलं आणि म्हणूनच आमची दिशाभूल झाली. पण पेशीच्या आत दडलेल्या या जंतूला एकट्या औषधाने हाकलता येत नाही. डॉक्सिसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन, दोन्ही मिळून सहा आठवडे. मध्येच सोडलं तर परत येरे माझ्या मागल्या.

याचा शोधही असाच गोठ्याच्या अंगाने लागलाय. १८८७ मध्ये डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरला माल्टा बेटावर मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू सापडला. तो येतो कुठून ते कळायला १९०५ उजाडलं. थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी शेळ्या तपासल्या, आणि दिसायला धडधाकट शेळ्यांत जंतू निघाला. पुढच्या वर्षी सैनिकांचं शेळीचं दूध बंद केलं आणि रुग्ण झपाट्याने कमी झाले. तिकडे डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बँग यांना १८९७ मध्येच गाभडणाऱ्या गाईंत एक जंतू मिळाला होता. हे दोघे सख्खे भाऊ आहेत, आणि गाईच्या कच्च्या दुधातूनही माणूस आजारी पडू शकतो, असं अमेरिकेत अ‍ॅलिस इव्हान्स या बाईंनी १९१८ मध्ये मांडलं. बाईंकडे डॉक्टरेट नव्हती, आणि मुळात त्या बाई होत्या, त्यामुळे मोठमोठ्या लोकांनी ते उडवून लावलं. १९२२ मध्ये काम करता करता त्यांनाच हा आजार झाला आणि वीसेक वर्षं अधूनमधून पिडत राहिला. त्यांच्याही दुखण्याला सुरुवातीला मनाचा आजार ठरवलं गेलं होतं. हे वाचलं आणि मला भिंतीकडे तोंड करून पडलेले अण्णा आठवले. त्या रात्री लॅपटॉप बंद करून टाकला.

आणि एक गंमत, जी मी अण्णांना सांगितली तेव्हा ते पाच महिन्यांत पहिल्यांदा खुलले. हरभरा पेरायच्या आधी आम्ही रायझोबियमची पाकिटं आणतो, गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळतो. हा जंतू मुळांवर गाठी करतो आणि हवेतला नत्र पिकाला देतो. हा रायझोबियम ब्रुसेलाचा चुलतभाऊ आहे! एकाच खानदानातले. इतके जवळचे की रायझोबियमच्या कुळातल्या जंतूला मुळाच्या पेशीत नांदायला जे ‘बॅक-ए’ नावाचं जीन लागतं, तेच ब्रुसेलालाही मुक्काम टिकवायला लागतं. २००० साली हे सिद्ध झालं. दुसऱ्या पेशीच्या घरात राहायची विद्या दोघांकडे तीच. एक भाडं देतो, दुसरा देत नाही.

अण्णा म्हणाले, “मंजी भाऊबंदकी हाये म्हण की.” :-)

असो. इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. अण्णांचा ताप गेला, कंबर हळूहळू सुटली. पण गोठा राहिला होता ना. सगळ्या गाईंचं रक्त तपासलं. सातांपैकी दोन पॉझिटिव्ह. बांडी आणि तिच्या शेजारची.

गाईंसाठी यावर भरवशाचा उपचार नाही. एकदा बाधा झाली की बहुतेक जनावरं जन्मभर जंतू बाळगतात, दुधातून आणि वेताच्या वेळी बाहेर टाकतात. याचंही कारण रसायनात आहे. गाईच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची एक साखर भरपूर असते आणि ब्रुसेला ती ग्लुकोजपेक्षा आवडीने खातो. म्हणून तो गर्भाशयात माजतो आणि म्हणूनच गाय गाभडते. माणसाच्या वारेत ही साखर अशी साठत नाही, तरी गरोदर बायकांना धोका आहेच. ओळखीचं वाटलं ना नाव? ऑफिसातल्या शुगर-फ्री चॉकलेटचं वेष्टण उलटून बघा, तेच एरिथ्रिटॉल. खाणाऱ्याला त्यातून ब्रुसेला होत नाही, घाबरू नका. पण मला ते चॉकलेट आता गोड लागत नाही हे खरं.

तर दोन गाई. बांडी दिवसाला अठरा लिटर देणारी. परदेशात अशी जनावरं मारून टाकतात. आपल्याकडे तो रस्ता कायद्यानेही बंद आणि मनानेही. मग उरला तिसरा रस्ता, जो सगळ्यांना माहीत असतो आणि कुणी बोलत नाही. बाजार. घोडेगावला नेलं तर तासाभरात गिऱ्हाईक. गाय दिसायला देखणी, सड चांगले, कास भरलेली. रक्तात काय आहे ते कुणाला दिसतंय?

हे कोण म्हणालं सांगू? दादा नाही, व्यापारी नाही. मी. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बसून व्हिडिओ कॉलवर. पाच महिन्यांचा दवाखान्याचा खर्च मी शीटमध्ये मांडला होता, खाली लाल आकडा होता. मी म्हटलं, “अण्णा, विकून टाका ना. कोण विचारतंय?”

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग अण्णा म्हणाले, “मंग त्या घरचा म्हातारा झोपंल ना भिताडाकडं तोंड करून.”

दादा उठून बाहेर गेला. त्याचंही चुकत नाही, चारा तोच आणतो. पुढचे दोन महिने दोघे फक्त कामापुरतं बोलत होते. मी मात्र शीट डिलीट केली.

दोन्ही गाई वेगळ्या शेडमध्ये हलवल्या. त्यांचं दूध डेअरीला घालायचं बंद केलं, हळूहळू आटवलं. परत भरवल्या नाहीत. शेजारची गाय गेल्या पावसाळ्यात गेली. बांडी अजून आहे. एक थेंब न देता रोजचा चारा खाते, आणि त्या चाऱ्याचे पैसे मी पाठवतो. मला वाटतं हाच माझा त्या कॉलचा दंड. दादा कधीकधी म्हणतो, तुमची व्हीआयपी पाहुणी. अजून सगळं गोड झालेलं नाही.

नव्या कालवडींना लस दिली आहे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडीला आयुष्यात एकदा. २०१९ पासून केंद्राच्या कार्यक्रमात ही लस देतात. लसीचं नाव एस-१९, आणि तिची जन्मकथा आमच्या धंद्याला शोभणारी आहे. १९२३ मध्ये अमेरिकेत जॉन बक यांनी दुधातून वेगळा केलेला जंतू वर्षभराहून जास्त काळ खोलीतच तसाच राहिला. नंतर बघतात तर त्याचा जहालपणा उतरलेला! पुढे कळलं की त्याच्या एरिथ्रिटॉल पचवणाऱ्या जीन्समधली सुमारे ७०० अक्षरं गायब आहेत. विसरलेल्या बाटलीतून अख्ख्या जगाच्या गाईंची लस निघाली. मात्र जंतू जिवंत असतो, त्यामुळे टोचणाऱ्याने सुई स्वतःला लागू द्यायची नाही.

तुम्हापैकी अनेकांचं गाव माझ्यासारखंच एसटीच्या तीन-चार तासांवर असेल. तिथे गोठा असेल तर तीनच गोष्टी. दूध उकळूनच प्यायचं (डेअरीत ७२ अंशाला १५ सेकंदांत हा जंतू मरतो, घरची उकळी त्याहून कडक असते). गाय व्याली किंवा गाभडली तर उघड्या हाताने जार काढायचा नाही, तो खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचा, कुत्र्यापुढे टाकायचा नाही. आणि घरात कुणाला येणारा-जाणारा ताप असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण होऊन सांगायचं, आमच्याकडे गाई आहेत आणि अमक्या महिन्यात एक गाभडली होती.

शनिवारी सकाळी मी गोठ्यात गेलो तेव्हा अण्णा कोपरापर्यंत निळे मोजे घालून एका गाईच्या मागे उभे होते. मला बघून जरा ओशाळले. म्हणाले, “जनावराला हाताची ओळख पटत न्हाई यानं.” मी काही बोललो नाही. घरात आईने दूध चुलीवर चढवलं होतं. मी शेजारी उभा राहून ते उतू जाऊ दिलं नाही, एवढंच.